हाली, कलदार आणि रिझर्व्ह बँक

दौलताबादच्या किल्ल्याचा विषय निघाला की महंमद तुघलकाच्या राजधानी-बदलाची गोष्ट हटकून निघते. 'तुघलकी कारभार' हा शब्दप्रयोग मराठीत रुळला तो अशा गोष्टींमुळेच. पण याच सुलतानाचा दुसरा एक प्रयोग पैशाचा इतिहास समजून घेण्यासाठी अधिक बोधप्रद आहे, आणि त्यातही दौलताबादचा वाटा आहे. इ. स. १३२९-३० च्या सुमारास त्याने तांब्या-पितळेची नाणी पाडली आणि ती चांदीच्या तंक्याच्याच किमतीची मानावीत असा हुकूम काढला. ज्या टांकसाळींची नावे या नाण्यांवर आढळतात, त्यांत दौलताबादचे नाव आहे. सुलतानाची आज्ञा पाळणारा ईश्वराची आज्ञा पाळतो, अशा अर्थाचा मजकूरही काही नाण्यांवर कोरलेला होता. धातूची किंमत नाही म्हटल्यावर नाण्याला धर्माज्ञेचा टेकू दिला गेला.

ही कल्पना वेडगळ नव्हती. चीनमध्ये कुबलाई खानाच्या अमलाखाली कागदी चलन चालत होते. इराणात १२९४ साली तब्रीझला तसाच प्रयोग झाला आणि फसला. तुघलकाचाही फसला. त्याचे वर्णन झियाउद्दीन बरनी या तत्कालीन इतिहासकाराने केले आहे. नकली नाणी इतकी झाली की घरोघरी टांकसाळ निघाल्यासारखी स्थिती झाली. शेवटी सुलतानाने ही नाणी परत घेऊन खजिन्यातून सोने-चांदी मोजून दिली. परत आलेल्या नाण्यांचे ढीग तुघलकाबादेत पडून राहिले.

आज आपल्या खिशातले नाणे आणि नोट यांची धातूची वा कागदाची किंमत दर्शनी किमतीच्या मानाने नगण्य असते. म्हणजे तत्त्वतः आपण तुघलकाचेच चलन वापरतो. मग ते चालते कसे? नक्कल करणे अवघड असते, हे अर्धे उत्तर झाले. दुसरे अर्धे उत्तर असे की चलन काढणाऱ्यावर कोणाचा तरी लगाम असतो. राज्यकर्त्याला पैशाची गरज नेहमीच असते. चलन काढण्याचा अधिकारही त्याच्याच हातात असेल तर मोह आवरणार कोण? खर्च करणारा हात आणि चलन काढणारा हात यांत अंतर ठेवण्याची सोय म्हणजे मध्यवर्ती बँक. ती सरकारची बँक असते, बँकांची बँक असते, देशाची गंगाजळी सांभाळते. परंतु या सर्व कामांच्या मुळाशी हे अंतर आहे. गंमत अशी की बँक ऑफ इंग्लंड १६९४ साली जन्माला आली ती राजाला युद्धासाठी कर्ज देण्याकरिताच. हे अंतर कोठेही आयते मिळालेले नाही. ते कसे निर्माण झाले आणि कसे वारंवार बुजत गेले, हे पाहण्यासाठी मराठवाड्यासारखा प्रदेश नाही. कारण येथे रिझर्व्ह बँकेचा रुपया उशिरा आला, आणि त्याआधी येथे दुसराच रुपया होता.

हाली आणि कलदार

मोगलांच्या काळात औरंगाबादेत टांकसाळ होती. तिच्या नाण्यांवर शहराचे नाव 'खुजिस्ता बुनियाद' असे येई. पुढे निजामाच्या मुलखात अनेक तऱ्हांचे रुपये फिरत राहिले. प्रत्येकाचे वजन वेगळे, कस वेगळा आणि म्हणून बट्टाही वेगळा. खरा रुपया कोणता आणि तो कितीचा, हे ठरवणारा माणूस सराफ. १८५७ नंतर मोगल बादशहाचे नाव नाण्यांवरून गेले आणि पहिल्या सालारजंगाच्या दिवाणगिरीत राज्याचा एकच रुपया रूढ करण्याचा प्रयत्न झाला. हा 'हाली शिक्का', म्हणजे सध्या चालू असलेला. इंग्रजी मुलखातला यंत्रावर पाडलेला रुपया तो 'कलदार'. मराठवाड्यातल्या जुन्या खतांत, वह्यांत आणि म्हाताऱ्या माणसांच्या बोलण्यात हे दोन शब्द जोडीनेच येत.

या दोहोंचा अधिकृत भाव ठरला होता: १०० कलदार म्हणजे ११६ रुपये १० आणे ८ पै हाली. हा आकडा चमत्कारिक वाटतो, पण त्याचा अर्थ सरळ आहे: सहा कलदार बरोबर सात हाली. तो आला कोठून, तेही नाण्यांच्या वजनावरून कळते. कलदार रुपया १८० ग्रेन वजनाचा, त्यात अकरा-बारांश शुद्ध चांदी. हाली रुपया सुमारे १७२.५ ग्रेनचा, त्यात शुद्ध चांदी ८१.८ टक्के. गुणाकार केला तर एकात १६५ ग्रेन चांदी निघते, दुसऱ्यात सुमारे १४१. गुणोत्तर जवळजवळ सातास सहाच येते.

म्हणजे तोवर रुपयाच्या मागे चांदी उभी होती, संस्था नव्हती. चांदीचा लगाम आंधळा असतो, पण तो राजालाही लागू पडतो. १८९३ साली इंग्रज सरकारने लोकांनी आणलेल्या चांदीचे रुपये पाडून देणे बंद केले आणि कलदार रुपया चांदीपासून तुटला. त्याची किंमत आता चांदी ठरवत नव्हती, सरकार ठरवत होते. हालीचा भाव मात्र चांदीबरोबर खालीवर होत राहिला, तेव्हा निजाम सरकारलाही आपली टांकसाळ आवरावी लागली. १९०० साली मनमाड-सिकंदराबाद रेल्वे सुरू झाली आणि जालन्याचा कापूस मनमाडमार्गे मुंबईला जाऊ लागला. मुंबईचा भाव कलदारात, शेतसारा हालीत. मधला बट्टा कोणाच्या पदरात पडे, हे सांगायला अर्थतज्ज्ञाची गरज नाही.

चांदीकडून कागदाकडे जाण्याची वेळ पहिल्या महायुद्धाने आणली. संस्थानांनी नोटा काढू नयेत असेच इंग्रजांचे धोरण होते. पण युद्धात चांदीची टंचाई झाली, हैदराबादने युद्धाला भरघोस मदत केली, आणि १९१८ साली निजाम सरकारला १० व १०० रुपयांच्या नोटा काढण्याची मुभा मिळाली. पुढच्या वर्षी एक व पाच रुपयांच्या नोटा निघाल्या, १९२६ साली हजाराची. चलनाचे नाव 'उस्मानिया शिक्का'. नोटेवर रक्कम उर्दूबरोबर मराठी, तेलुगू व कन्नड भाषांतही लिहिलेली असे. नाशिकला नोटांचा छापखाना निघाल्यावर या नोटाही तेथेच छापल्या जाऊ लागल्या. निजामाच्या सार्वभौमत्वाचे प्रतीक असलेला कागद इंग्रजी मुलखात, गोदावरीकाठी छापला जाई.

एका प्रबंधाचा प्रश्न

या काळात ब्रिटिश हिंदुस्थानातही मध्यवर्ती बँक नव्हती. नोटा सरकारच काढी, सरकारची बँक म्हणून १९२१ पासून इंपीरियल बँक काम करी, आणि रुपयाचा पौंडाशी असलेला भाव लंडनमधील भारतमंत्र्यांचे कार्यालय राखी. या पद्धतीला सुवर्ण विनिमय परिमाण म्हणत. जॉन मेनार्ड केन्स यांनी १९१३ च्या आपल्या ग्रंथात तिची वाखाणणी केली होती.

तिला मुळातून आव्हान दिले ते डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी. लंडन विद्यापीठाच्या डी. एस्सी. पदवीसाठी त्यांनी लिहिलेला 'द प्रॉब्लेम ऑफ द रुपी' हा प्रबंध १९२३ साली प्रसिद्ध झाला. एडविन कॅनन या त्यांच्या गुरूंनी त्याला प्रस्तावना लिहिली, आणि तीत काही मतभेदही नोंदवले. आंबेडकरांचा मुद्दा थोडक्यात असा: रुपयाचा पौंडाशी भाव स्थिर ठेवला म्हणजे रुपया स्थिर झाला असे नाही. रुपयाने बाजारात किती धान्य, किती कापड मिळते ही खरी कसोटी. ज्या व्यवस्थेत चलन किती काढायचे हे सरकारच्या मर्जीवर आहे, त्या व्यवस्थेत ही कसोटी टिकणार नाही. तेव्हा नवे रुपये पाडण्यावर कायमचे बंधन घाला. ते लोकांवर जसे आहे तसे सरकारवरही हवे. वाढत्या व्यवहाराला लागणारी भर सोन्याच्या चलनाने पडू द्या. भाववाढीचा पहिला घाव मजुरीवर जगणाऱ्यावर पडतो, ही जाणीव या सगळ्या युक्तिवादामागे आहे.

१९२५ च्या डिसेंबरात त्यांनी हिल्टन यंग आयोगापुढे साक्ष दिली. रिझर्व्ह बँक आंबेडकरांच्या पुस्तकावरून स्थापन झाली असे विधान व्याख्यानांतून वारंवार ऐकू येते. ते जसेच्या तसे स्वीकारता येत नाही. १९२६ च्या अहवालात आयोगाने मध्यवर्ती बँकेची शिफारस केली हे खरे. पण सोन्याचे चलन त्याने नाकारले आणि सुवर्णलगडीचे परिमाण सुचवले, म्हणजे आंबेडकरांना हवी होती ती व्यवस्था नाही. त्यांचे ऋण वेगळ्या जागी आहे. चलन काढणाऱ्याला कोण आवरणार, हा प्रश्न भारतीय अर्थशास्त्रात त्यांच्याइतक्या रोखठोकपणे त्याआधी क्वचितच कोणी विचारला असेल. रिझर्व्ह बँक हे त्या प्रश्नाचे एक उत्तर होते. अंतिम उत्तर नव्हे.

ते उत्तरही सहजी आले नाही. बँक भागधारकांची असावी की सरकारी, या वादात १९२७-२८ ची विधेयके बारगळली. शेवटी १९३४ चा कायदा होऊन १ एप्रिल १९३५ रोजी पाच कोटी रुपये भांडवलाची, भागधारकांची रिझर्व्ह बँक सुरू झाली. कायद्याने लगामही घालून दिला: काढलेल्या नोटांच्या किमान ४० टक्के मालमत्ता सोने व स्टर्लिंग रोखे या रूपात असली पाहिजे. पण पहिले गव्हर्नर ऑस्बोर्न स्मिथ यांचे सरकारशी व्याजदर आणि विनिमय दर यांवरून बिनसले, आणि १९३७ मध्ये ते पायउतार झाले. लगाम कागदावर असणे आणि हातात असणे यांतला फरक पहिल्या दोन वर्षांतच दिसला.

दुसऱ्या महायुद्धात तो अधिक भयंकर रीतीने दिसला. हिंदुस्थानातून ब्रिटनसाठी माल व सैन्य यांवर जो खर्च होई, त्याच्या मोबदल्यात लंडनमध्ये स्टर्लिंग रोखे जमा होत आणि त्यांच्या आधारावर येथे नोटा निघत. ४० टक्क्यांच्या नियमाचा भंग कोठेच झाला नाही. उलट राखीव निधी फुगत गेला. युद्ध संपेपर्यंत नोटांचे चलन मात्र सुमारे सहा पटींनी वाढले आणि महागाईने माणसे होरपळली. याच धुमश्चक्रीत, ऑगस्ट १९४३ मध्ये, महाडजवळच्या नाते गावी जन्मलेले चिंतामणराव देशमुख बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर झाले. नुसते प्रमाण ठरवून दिल्याने चलनाला आवर बसत नाही. नाही म्हणू शकणारी संस्था लागते, हा या वर्षांचा धडा.

१९४८ : दोन रुपयांची लढाई

मराठवाड्यात या बँकेचा अंमल नव्हता. निजाम सरकारने १९४१ च्या कायद्यान्वये स्वतःची 'हैदराबाद स्टेट बँक' काढली आणि ५ एप्रिल १९४२ रोजी तिचे कामकाज सुरू झाले. उस्मानिया शिक्क्याची व संस्थानच्या सार्वजनिक कर्जाची व्यवस्था पाहणे आणि जोडीला सामान्य बँकेचा व्यवहार करणे असे तिचे स्वरूप होते. छोट्या आवृत्तीतली मध्यवर्ती बँकच ती. पण बहुसंख्य भाग सरकारचे आणि सरकार निजामाचे. दोन हातांमधले अंतर नावापुरतेच होते.

त्याचे परिणाम लवकरच दिसले. २९ नोव्हेंबर १९४७ रोजी हैदराबादने भारताशी जैसे थे करार केला आणि त्यानंतर थोड्याच दिवसांत दोन वटहुकूम काढले. एकाने मौल्यवान धातू भारतात नेण्यावर निर्बंध आले, दुसऱ्याने भारतीय चलन संस्थानात कायदेशीर चलन राहिले नाही. शिवाय पाकिस्तानला वीस कोटी रुपयांचे कर्ज दिले गेले, तेही भारत सरकारच्या कर्जरोख्यांच्या रूपात. राज्याची गंगाजळी म्हणून साठवलेले रोखे राजकारणाचे हत्यार बनले. नोटा आणि राखीव निधी एकाच सत्तेच्या मुठीत असले की असे घडू शकते.

त्या वर्षातली एक विसंगती ध्यानात घेण्याजोगी आहे. फाळणीच्या तडजोडीनुसार ३० जून १९४८ पर्यंत रिझर्व्ह बँक पाकिस्तानचीही मध्यवर्ती बँक होती, आणि तिने काढलेल्या नोटा लाहोर-कराचीत कायदेशीर होत्या. त्याच नोटा मनमाडपलीकडे औरंगाबादेत मात्र अवैध ठरवल्या गेल्या होत्या.

मुक्तिसंग्रामातील सैनिकांनाही पैशाचे हे महत्त्व पुरते कळले होते. नांदेड जिल्ह्यातील उमरी येथील बँकेवर त्यांनी जानेवारी १९४८ मध्ये घातलेला छापा मराठवाड्यात आजही सांगितला जातो. सीमेवरच्या शिबिरांना बळ मिळावे हा त्याचा हेतू उघड होता. पण राजसत्तेच्या खजिन्यावर घाव घालणे म्हणजे तिच्या पतीवर घाव घालणे, हाही अर्थ त्यात होताच.

सप्टेंबर १९४८ मध्ये पोलीस कारवाई झाली आणि १७ तारखेला निजामाची राजवट संपली. हाली मात्र त्या दिवशी संपला नाही. लोकांची बचत, देणी-घेणी, सारा, पगार सगळे त्यातच होते. तो एका फटक्यात रद्द झाला असता तर मुक्तीच्या आनंदावर विरजण पडले असते. म्हणून १९५० मध्ये भारतीय रुपया सातास सहा याच जुन्या भावाने शेजारी आणला गेला आणि हाली टप्प्याटप्प्याने काढून घेतला गेला. शेकडो वर्षांत नाणी बदलताना येथील माणसाने सराफाला बट्टा दिला होता. या वेळी ठरलेला भाव सरकारने पाळला. त्याच १९५० साली आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीने औरंगाबादेत महाविद्यालय सुरू केले, हा योगायोग येथे नोंदवण्यासारखा आहे.

कर्ज आणि बँक

नवा रुपया आला, पण शेतकऱ्याला तो कर्जाऊ देणारा जुनाच होता. रिझर्व्ह बँकेने १९५१-५२ मध्ये ग्रामीण पतपुरवठ्याची देशव्यापी पाहणी करवली. ए. डी. गोरवाला तिच्या समितीचे अध्यक्ष, आणि धनंजयराव गाडगीळ एक सदस्य. १९५४ च्या अहवालातले दोन आकडे पुढे प्रसिद्ध झाले: शेतकऱ्यांच्या एकूण कर्जात सहकारी संस्थांचा वाटा ३.१ टक्के, सावकारांचा सुमारे ७० टक्के. इंपीरियल बँक ताब्यात घेऊन १९५५ मध्ये स्टेट बँक झाली ती या अहवालामुळे, आणि संस्थानी बँकांकडेही लक्ष गेले. २२ ऑक्टोबर १९५६ रोजी हैदराबादची बँक रिझर्व्ह बँकेची उपकंपनी होऊन 'स्टेट बँक ऑफ हैदराबाद' झाली. त्यानंतर दहा दिवसांनी मराठवाडा मुंबई राज्यात आला. निजामाची बँक काही काळ थेट रिझर्व्ह बँकेच्या मालकीची होती, हे आज फारसे कोणाच्या लक्षात नाही. १९५९ मध्ये ती स्टेट बँकेकडे गेली आणि १ एप्रिल २०१७ रोजी तीत विलीन झाली. मराठवाड्याच्या बाजारपेठांतून तिची पाटी उतरली, तेव्हा हाली शिक्क्याचा शेवटचा वारसही गेला.

लगाम आज कोणाच्या हाती

१ जानेवारी १९४९ पासून रिझर्व्ह बँक राष्ट्रीयीकृत झाली. मालक सरकार झाल्यावर दोन हातांमधल्या अंतराचा प्रश्न नव्याने उभा राहिला. जानेवारी १९५७ मध्ये गव्हर्नर बेनेगल रामा राव यांनी अर्थमंत्री टी. टी. कृष्णमाचारी यांच्याशी झालेल्या वादानंतर राजीनामा दिला. पंतप्रधान नेहरू अर्थमंत्र्यांच्या बाजूने होते. त्याच सुमारास एक गैरसोयीची सोय रूढ झाली. सरकारची शिल्लक ठरलेल्या पातळीखाली गेली की तात्पुरत्या कोषागार हुंड्या आपोआप निघत आणि रिझर्व्ह बँक त्यांवर पैसे देई. 'तात्पुरत्या' म्हणवल्या जाणाऱ्या या हुंड्या चार दशके चालल्या. १९७४ नंतर तर त्यांवर ४.६ टक्के इतके ठरीव व्याज होते, बाजारात काहीही चाललेले असो. म्हणजे सरकारने खर्च करायचा आणि नोटा निघायच्या. मनमोहनसिंग अर्थमंत्री आणि सी. रंगराजन गव्हर्नर असताना सप्टेंबर १९९४ मध्ये करार झाला आणि १ एप्रिल १९९७ पासून ही पद्धत बंद पडली. भारतीय रुपयाच्या इतिहासातला हा एक मोठा दिवस, पण त्याची आठवण कोठे साजरी होत नाही.

२०१६ मध्ये कायद्यात दुरुस्ती होऊन व्याजदर ठरवण्यासाठी सहा सदस्यांची समिती आली आणि महागाई चार टक्क्यांच्या आसपास, दोन ते सहाच्या मर्यादेत ठेवण्याचे बंधन आले. रुपयाने बाजारात काय मिळते ही आंबेडकरांची कसोटी नव्वद वर्षांनी कायद्याच्या भाषेत उतरली, असे म्हणता येईल. त्याच वर्षी ८ नोव्हेंबरला ५०० व १००० च्या नोटा रद्द झाल्या. मूल्याने पाहता त्या चलनातल्या ८६ टक्के होत्या. कायदा सांगतो की असा निर्णय बँकेच्या मध्यवर्ती मंडळाच्या शिफारशीवरून सरकारने घ्यावा. येथे सरकारचे पत्र ७ तारखेला गेले आणि मंडळाची शिफारस ८ तारखेला आली. २ जानेवारी २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने चार विरुद्ध एक मतांनी निर्णय वैध ठरवला; न्यायमूर्ती बी. व्ही. नागरत्ना यांच्या भिन्न मतपत्राचा रोख मात्र याच मुद्द्यावर होता की प्रस्ताव कोठून निघाला. नोटाबंदी योग्य की अयोग्य याविषयी मतभेद राहतील. प्रस्ताव प्रथम कोणी मांडला हा प्रश्न कोणाला तांत्रिक वाटेल. मराठवाड्याचा इतिहास डोळ्यांसमोर असणाऱ्याला तो तसा वाटणार नाही.

दौलताबादच्या टांकसाळीत सुलतान एकटा होता. त्याला नाही म्हणणारे कोणी नव्हते. हालीला चांदीने आवरले, पण चांदी मागे पडल्यावर निजामाला आवरणारे कोणी उरले नाही. रिझर्व्ह बँकेकडे चांदी नाही, सैन्य नाही; सरकार कायद्याने तिला निर्देशही देऊ शकते. तिच्याजवळ आहे ते एवढेच: हिशेब मांडण्याची, कारणे देण्याची आणि प्रसंगी थांबा म्हणण्याची परंपरा, जी दर पिढीत थोडी जोडली जाते आणि थोडी खर्ची पडते. निजामाच्या नोटेवर रक्कम मराठीत छापलेली असे, रिझर्व्ह बँकेच्या नोटेवरही ती भाषांच्या रकान्यात मराठीत असते. ती वाचणाऱ्याने नोट खरी की खोटी हे तर पाहावेच. पण ती काढणाऱ्याला आज कोण आवरते आहे, हेही अधूनमधून विचारत राहावे.